गुरुवारचा पब आणि औशाचे सासरे

इंग्लंडातल्या रेडिंगहून एका सुनेचा मेल आलाय. नाव देत नाही, माहेर परभणी, सासर लातूरच्या औसा तालुक्यातलं एक गाव. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, दर गुरुवारी ऑफिस सुटलं की अख्खी टीम कोपऱ्यावरच्या पबात. डिसेंबरात कंपनीने लिंक्डइनवर टीमचा फोटो टाकला, त्यात हा मधोमध, हातात फेसाळ सोनेरी ग्लास आणि तोंडभर हसू. पुण्यातल्या चुलतभावाने स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली नुसता टाळ्यांचा इमोजी, बाकी काही नाही, पण तेवढ्याने काम झालं. सासरे माळकरी, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. तेव्हापासून फोन उचलतात आणि "हं, घे, आईशी बोल" म्हणून देऊन टाकतात. मे महिन्याची सासू-सासऱ्यांची रेडिंगला यायची तिकिटं काढून झालीयत. नवरा म्हणतो ती झिरो झिरो, म्हणजे बिनअल्कोहोलची बिअर होती, हिला खरं-खोटं कळेना, आणि वर तो असंही म्हणतो की पबात नाही गेलो तर नवीन प्रोजेक्ट कुणाला मिळालं ते मला शुक्रवारी कळतं. ताई, काय करू?

अगं, आधी त्या ग्लासाचा पंचनामा बंद कर. नवऱ्याला एकदाच, शांतपणे, पोरं झोपल्यावर विचार की तू घेतोस का, आणि जे उत्तर येईल ते ऐकून घे. रोज शर्टाचा वास घेत बसलीस तर तो आणखी लपवेल, आणि मग दारूपेक्षा लपवण्याचीच सवय जास्त लागते, हे मी तीन-चार घरांत बघितलंय.

आता सासऱ्यांचं. त्यांना फोटोत पब दिसलाच नाही गं, त्यांना आपल्याकडचा परमिट रूम दिसला. आपल्याकडे "बसायचं का आज?" हे दबक्या आवाजात विचारतात, आत मिणमिणता लाल बल्ब, बाटली काळ्या कॅरीबॅगमध्ये, आणि घरी येताना तोंडात बडीशेप. गावात हातभट्टीने कुणाची जमीन गेली, कुणाची बायको माहेरी गेली, सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. मतदान करून आडवी बाटली निवडून आणायची आणि दुकान बंद पाडायचं, यासाठी आपल्याकडच्या बायका काय काय सोसून लढल्यात ते तुला परभणीची म्हणून सांगायला नको. आणि लातूरच्या माणसाला २०१६ विसरता येत नाही. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं लातूरला, आणि इकडे वाळूज-चिकलठाण्याला बिअरच्या कारखान्यांचे नळ चालूच, शेवटी औरंगाबाद खंडपीठाने दारू कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. घागर घेऊन टँकरमागं पळालेल्या माणसाला फेसाळ ग्लास बघून काय वाटत असेल?

तिकडे त्याच ग्लासाला वेगळाच अर्थ. मी अकरा वर्षं बाहेर होते, आधी न्यू जर्सी मग इंग्लंड, आता संभाजीनगरात परत. न्यू जर्सीच्या ऑफिसात किचनमध्ये कॉफी मशीनशेजारीच बिअरचा नळ होता, शुक्रवारी चारला कुणीतरी घंटा वाजवायचं. मला आधी वाटलं फायर ड्रिल आहे, मी लॅपटॉप घेऊन जिन्याने खाली. (ते दोन वर्षं पुरलं लोकांना हसायला.) ऐन तिशीतली, घरापासून लांब असलेली माणसं, ऑफिसच त्यांचं गाव आणि पब म्हणजे पार. आपल्याकडं पारावर बसून जसं कुणाचं काय चाललंय ते कळतं तसंच तिथं कळतं, म्हणून तुझा नवरा प्रोजेक्टचं म्हणतो ते बहाणा नाही, खरं आहे. पण त्यासाठी प्यावं लागतं हे मात्र खोटं. हजर असावं लागतं, एवढंच.

तर त्याला सांग, पहिल्या तासाला जा. कामाचं जे काय बोलणं होतं ते पहिल्या तासातच होतं, नंतर फक्त आवाज वाढतात आणि तोच जोक तिसऱ्यांदा येतो. इंग्लंडात राउंडची भानगड असते, सहा जण गेले की एकेकाने सगळ्यांसाठी घ्यायचं, म्हणजे तुझी पाळी येईपर्यंत पाच ग्लास तुझ्यापुढं आलेले असतात आणि न पिणारा माणूस दोन पौंडाच्या लाईम-सोड्यासाठी तीस पौंड भरून येतो. याला दोन रस्ते. एक तर आल्याआल्या "मी माझं माझं घेतो, लवकर जायचंय" म्हणून टाकायचं, किंवा पहिला राउंड आपणच घ्यायचा, हिशोब मिटला, तासाभराने दप्तर उचलून बाहेर. मी दुसरा वापरायचे, महाग पडतो पण चिक्कू म्हणून नाव होत नाही. बारवर आपण गेलो की आपल्या ग्लासात काय आहे ते आपल्यालाच माहीत, हा आणखी एक फायदा. आणि कुणी विचारलं तर कारणं द्यायची नाहीत. गोळ्या चालू आहेत म्हटलं की पुढच्या गुरुवारी "संपल्या का गोळ्या?" येतंच. "मी घेत नाही" एवढ्यावर थांबायचं आणि लगेच समोरच्याला त्याच्या पोरांचं विचारायचं. दोनदा-तीनदा विचारतील, मग सोडून देतात. जानेवारीत तर तिकडचीच कितीतरी माणसं ड्राय जानेवारी करतात, म्हणजे महिनाभर दारू बंद, २०१३ पासून ते चाललंय, पहिल्यांदा "नाही" म्हणायला त्याच्याइतका सोपा महिना नाही.

प्रोजेक्टची वाटणीच पबात होत असेल तर ते मॅनेजरशी वन-ऑन-वनमध्ये बोलायचं, तक्रारीच्या सुरात नाही, "काल जे ठरलं ते सकाळी स्लॅकवर (ऑफिसच्या चॅट ग्रुपवर) टाकता का, जे नव्हते त्यांना पण कळेल" एवढंच. पोरं असलेल्या बायका, रोजे धरणारे, गाडी चालवत येणारे, सगळ्यांचीच ती अडचण असते, कुणीतरी बोलायची वाट बघत असतात. आणि एकदा टीमला घरी बोलाव. कुरमुऱ्यांचा सुशीला कर, चहा कर, शेंगदाण्याची चटणी ठेव. माझ्याकडं एक आयरिश पोरगा सुशीलाच्या तीन प्लेट खाऊन गेला आणि पुढं दर महिन्याला विचारायचा की ते ओल्या कुरमुऱ्यांचं कधी.

समजा तो घेत असेल तर? तर आकडे माहीत असू देत. तिकडच्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या (दारू मोजायचं तिकडचं माप) वर नको असा आहे, चार टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट, म्हणजे पबातला मोठा ग्लास, म्हणजे सव्वादोन युनिटच्या आसपास, म्हणजे आठवड्याला सहा पाइंट झाले की हद्द आली, आणि जागतिक आरोग्य संघटना तर २०२३ पासून सरळ म्हणते की सुरक्षित असं काही प्रमाणच नाही. गाडीचं बघ, इंग्लंडात रक्तात १०० मिलीला ८० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आपल्याकडं ३० ला पकडतात, म्हणून तिकडं चालतं म्हणून बिनधास्त असलेला माणूस सुट्टीवर लातूरला आला की अडकतो. अमेरिकेत असणाऱ्यांनी तर पिऊन हातच लावू नये स्टिअरिंगला, नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, शिक्षा व्हायची पण गरज नाही. आणि गुरुवारचं मंगळवारी पण व्हायला लागलं, पबातून आल्यावर घरात पुन्हा बाटली उघडायला लागली, तर मात्र जीपीकडं, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडं घेऊन जा, तिथलं ऑफिसला कळत नाही.

मे महिन्यासाठी एक माझी चूक सांगते. माझे वडील पण माळकरी. इंग्लंडला आले तेव्हा उन्हाचं पबच्या बागेत बसलो, मी त्यांच्यासाठी सायडर आणलं, कारण अमेरिकेत ॲपल सायडर म्हणजे नुसता सफरचंदाचा रस, आणि इंग्लंडात ती चक्क दारू, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. दादांनी एक घोट घेतला, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "आंबलंय की गं हे, दुकानदाराला सांग." मी बाटलीवरचं वाचलं आणि माझे हातपायच गळाले. खरं सांगितलं त्यांना. त्यांनी पाण्याने दोनदा चूळ भरली, माळेला हात लावला, आणि मग बराच वेळ शेजारच्या टेबलाकडं बघत बसले, तिथं एक आजी, दोन नातवंडं आणि एक कुत्रं. शेवटी म्हणाले, "लेकरं घेऊन येतेत होय इथं?" रागवले नाहीत. पण गावी गेल्यावर कुणाला सांगितलंही नाही.

तेव्हा सायडर नको, तिरामिसू नको (त्या गोडातही दारू असते), आणि चिप्स कशात तळल्यात ते विचार, काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात. झिरो झिरो आणि ०.५ टक्केवाल्या बिअरमध्ये फरक असतो, लेबल बघ. सासऱ्यांना पबात न्यायचंच असेल तर दुपारी न्या, ऑरेंज ज्यूस, खिडकीजवळची जागा.

आणि फोन तू करायचा नाहीस, त्याने करायचा. रविवारी, त्यांचा हरिपाठ झाल्यावर, रात्री आठला म्हणजे तुमच्याकडचे दुपारचे अडीच (उन्हाळ्यात घड्याळं पुढं केली की साडेतीन). फोटोतल्या ग्लासात काय होतं ते जे असेल ते सांगायचं, आणि "आईकडं देऊ नका, तुमच्याशीच बोलायचंय" हे आधी म्हणायचं.