लेट्रोझोल चालेनाशी झाली, आता केमोच का?

तुमच्या आईला स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर लेट्रोझोल चालू होती, आता हाडांत पसरल्याचं दिसलं आणि 'हार्मोनच्या गोळीला दाद देत नाही' असं सांगितलं गेलं, म्हणून केमोच उरली का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नव्हे, कुडाळात औषधांचं दुकान आहे. या चिठ्ठ्या रोज हातात येतात.

एक गोळी चालेनाशी झाली म्हणजे हार्मोनचा मार्ग संपला असं नाही. लिव्हर किंवा फुप्फुस झपाट्याने बिघडत नसेल तर सहसा केमोआधी दुसरे उपाय करून बघतात.

आधी आईंनाच विचारा, गोळी रोज घेत होत्या का? रागावू नका. सांधे धरतात, जिना चढवत नाही, म्हणून कितीतरी बायका गुपचूप गोळी सोडतात. महिन्याचं पाकीट दोन महिन्यांनी न्यायला आल्या की आम्हाला कळतं, घरच्यांना नाही.

घेत असूनही वाढला असेल तर कारण शोधावं लागतं. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे हा कर्करोग ज्यावर वाढतो ते बायकांचं हार्मोन, बनू देत नाही. पण काही पेशींत ईएसआर१ नावाच्या जनुकात बदल होतो आणि रिसेप्टर (पेशीतला इस्ट्रोजेन ओळखणारा भाग) इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो, बटण दाबलेलंच अडकावं तसा. मग इस्ट्रोजेन कितीही कमी करा, उपयोग नाही. तिथे रिसेप्टरच मोडणारं फुल्वेस्ट्रंटचं इंजेक्शन कामी येतं (कमरेत दोन्ही बाजूंना, बऱ्यापैकी दुखतं). याच बदलावर एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हा बदल रक्ताच्या तपासणीतही सापडतो. पीआयके३सीए या जनुकातला बदल हा दुसरा, त्याचीही औषधं आहेत, मात्र त्यांनी साखर वाढते.

फुल्वेस्ट्रंटसोबत बहुधा पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब ही पेशींची वाढ रोखणारी गोळी देतात, आधी घेतलं नसेल तर. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) चुकवायची नाही. पाल्बोसिक्लिबचं पेटंट २०२३ ला संपल्यापासून जेनेरिक बरंच स्वस्त मिळतं, तेव्हा किमतीला घाबरून नाही म्हणू नका. आणि हो, चतुर्थीत माटवीला बांधलेलं पपनस आईंना देऊ नका. ग्रेपफ्रूटच्या जातीचं ते फळ, रक्तात या औषधाचं प्रमाण वाढवू शकतं.

हाडातली नवी बायोप्सी शक्य आहे का, तेही विचारा. रिसेप्टर कधीकधी बदललेले निघतात. परळला टाटात जाणार असाल तर जुन्या ऑपरेशनचा मेणातला ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) आधीच लॅबमधून मागून घ्या. नुसता रिपोर्ट नेलात तर त्यासाठी परत कोकणकन्या धरावी लागेल.