अक्यूट म्हणजे 'तीव्र' का?

प्रश्न असा आहे: सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डवर 'अक्यूट ब्राँकायटिस' (श्वासनलिकांची सूज) लिहिलंय, शब्दकोशात अक्यूटला 'तीव्र' सापडतं, मग दुखणं गंभीर होतं का?

तेवढ्या शब्दावरून तसं म्हणता येत नाही. डॉक्टरांच्या तोंडी अक्यूट हा आधी काळाचा शब्द आहे: दुखणं अचानक आलंय आणि ताजं आहे. साधी सर्दी अक्यूट आणि हार्ट अटॅकही अक्यूटच. जोर सांगायचा तर 'सिव्हिअर' वेगळं लिहितात. 2003 साली गाजलेल्या सार्स या श्वसनरोगाच्या इंग्रजी नावात पहिला 'एस' सिव्हिअरचा आणि 'ए' अक्यूटचा. दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोन अक्षरं कशाला खर्च केली असती?

घोळ घातलाय तो आपल्या 'तीव्र'ने. तीव्र वेदना, तीव्र निषेध, पेटीवरचा तीव्र मध्यम. कुठेही घ्या, कानाला चढच ऐकू येतो. अक्यूटच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार. गंमत म्हणजे भूमितीच्या पुस्तकात हाच अक्यूट 'लघुकोन' होऊन बसलाय. तिथे लघु, इथे तीव्र!

याच्या समोरचा शब्द क्रॉनिक, म्हणजे मुरलेलं, जुनाट. मोठ्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांच्या आतला असला तर अक्यूट, आठ आठवड्यांपुढे गेला की क्रॉनिक. आयुर्वेदात ही जोडी आशुकारी-चिरकारी अशी आहे, आणि मला ती फार आवडते: आशु म्हणजे झटपट, चिर म्हणजे दीर्घकाळ. तीन आठवडे उलटूनही अंगात बारीक मुरून राहिलेल्या तापाला वैद्य जीर्णज्वर म्हणतात. पण दवाखान्यात 'आशुकारी खोकला' म्हणालात तर कंपाउंडरही वर बघेल.

म्हणून भाषांतर करताना मी 'अचानक उद्भवलेला' लिहितो, आणि घरी समजावताना 'नवा खोकला', 'जुना खोकला'. आईच्या फाइलीत एकदा 'अक्यूट ऑन क्रॉनिक' असं लिहिलेलं होतं. भाऊ घाबरून मला विचारायला लागला, हे दोन्ही एकदम कसं? आई पलंगावरूनच म्हणाली, "अरे, जुन्या दम्याने उचल खाल्लीय."