ऑपरेशन्स शिकू म्हणतो, पण एमबीए लागतंच का?

प्रश्न: मी हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, बीई मेकॅनिकल झालंय. मालक म्हणतात प्रॉडक्शन वाढवा, अन् ज्या कंपनीला आम्ही पार्ट्स देतो ती आता सस्टेनेबिलिटीच्या नावानं विजेचे-पाण्याचे आकडे मागते. ऑपरेशन्स मॅनेजमेंट (म्हणजे माणसं, मशीन, माल यांच्या कामाची आखणी) शिकलो तर दोन्हीकडे कामी येईल का, की फी पाण्यात?
- एक वाचक, वाडी

उत्तर: कामी येईल भाऊ, पण प्रॉडक्शन वाढलं म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी वाढली हे आधी डोक्यातून काढा. समजा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) तासाला ४० जॉब, म्हणजे पार्ट, काढतंय आणि पुढचं ग्राइंडिंग २५च घेतंय, तर सीएनसीवाल्याची कितीही पाठ थोपटा, तासाला १५ जॉब ट्रेमध्ये साचणार, पावसाळ्यात गंजणार, मग घासत बसा नाहीतर भंगारात द्या, आणि डिस्पॅच शेवटी २५चाच. त्या १५ जॉबचं स्टील, वीज, कूलंट मालकानं आजच खर्च केलं, पैसे कधी येतील देव जाणे! टोयोटाचे इंजिनिअर ताइची ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं सगळ्यात वाईट मानलं ते याचसाठी. तेव्हा लक्ष ग्राइंडिंगवर द्या, जेवणाच्या पाळ्या लावून ते सुट्टीतही चालू ठेवा आणि खराब जॉब त्याच्यापर्यंत पोचूच देऊ नका.

आता ते आकडे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२१ मध्ये बीआरएसआर रिपोर्ट (कंपनीनं पर्यावरण आणि समाजाबाबत काय केलं त्याचा हिशोब) आणला, २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा झाला, त्यामुळे मोठ्या कंपन्या खालच्या व्हेंडरला विचारायला लागल्या. कटकट वाटते, पण खरं सांगू, पैसा तिथेच सापडतो. एखाद्या रविवारी सगळी मशीन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू करा, प्रेशर भरू द्या आणि मोबाइलवर वेळ लावा. हवा कोणी वापरत नाहीये तरी तो मधूनमधून लोड घेतो, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतो ना? दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड, असं चाललं असेल तर दीड भागिले सहा, म्हणजे कॉम्प्रेसरची २५ टक्के क्षमता नुसती गळतीला जातेय! साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होस पाइप, एअर गनचे जॉइंट बघत फिरा, बुडबुडे आले की तिथेच खूण करा. आणि ७ बार प्रेशरवर काम भागत असताना कोणी ८ लावून ठेवलं असेल (असतंच) तर ते उतरवा, त्या १ बारमागे साधारण ६-७ टक्के वीज जाते.

एक पथ्य मात्र पाळा. महिन्याच्या एकूण बिलावरून काही ठरवू नका, ऑर्डर वाढली की बिल वाढणारच, त्यापेक्षा दर चांगल्या जॉबमागे किती युनिट लागले ते लिहा, रिजेक्शन धरू नका. मालकाला आणि त्या कंपनीला, दोघांनाही हाच आकडा चालतो.

फीचं म्हणाल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑपरेशन्सचे कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे, त्यातला एक आधी पूर्ण करा. रस टिकला आणि नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचं एमबीए आहे. मशीन आणि गणितच आवडत असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं एमटेक बघा. आयआयएम नागपूर २०१५ पासून आपल्याच गावात आहे, पण तिथं कॅट द्या आणि दोन वर्षं पगाराविना काढा, घरी ईएमआय असेल तर मी म्हणेन थांबा.

प्रश्न: मी बीकॉम, एका हॉस्पिटलच्या ओपीडी काउंटरला आहे. हे ऑपरेशन्स मॅनेजमेंट फक्त कारखान्यासाठीच असतं का?
- एक वाचक, नंदनवन

उत्तर: नाही हो ताई, रांग आली की ऑपरेशन्स आलंच. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे, आत असलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. हॉलमध्ये ६० जण बसलेत आणि डॉक्टर तासाला २० बघतात, तर शेवटच्याला तीन तास, मग तुम्ही कितीही गोड बोला. सगळ्यांना १० वाजताच बोलावणं बंद करा, तासातासाच्या २० च्या चिठ्ठ्या द्या, आणि रिपोर्ट दाखवायला आलेल्यांची रांग वेगळी लावा, त्यांना दोनच मिनिटं लागतात.