साताऱ्याच्या औंधमध्ये संग्रहालयाशिवाय पाहण्यासारखं काही आहे का?

औंध माझं माहेर. "संग्रहालय बघून दोन तासांत परत निघता येईल का," असंही तुम्ही विचारलंय, म्हणून लिहायला बसले. निघता येईल. पण मग औंध पाहिलं असं कुणाला सांगू नका.

संग्रहालय उत्तमच आहे. मूळपीठाच्या डोंगरावर राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं. रविवर्मांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. त्यावर भरपूर छापून आलंय, ते वाचा.

माझं दुखणं वेगळं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात यमाईच्या यात्रेला सासरची मंडळी औंधला आली होती. जेवणं उरकली आणि माझे चुलत सासरे सोप्यात बसून म्हणाले, "राजा होता म्हणून हे गाव होतं. राजा गेला, गाव संपलं." वडील व्याह्यांना काय बोलणार? गप्प बसले. आजी मात्र आतून आली आणि म्हणाली, "पाव्हणं, माझा बाप पंच होता. ऐका."

१९३९ च्या जानेवारीत औंध संस्थानात नवी राज्यघटना आली. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरची धडपड, आणि राजांनी आपणहून सोडलेली सत्ता. गावाची पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती, तिच्यावर विधिमंडळ. गावातले तंटे गावातच मिटवायचे. एवढं पुस्तकात मिळतं. आजीने सांगितलं ते बांधाचं भांडण. दोघे सख्खे भाऊ, मधे एक बांध. एरवी तारखा पडल्या असत्या, वकिलापायी बैल विकावे लागले असते. पंचायतीने दोघांना चावडीवर बसवलं. बांधावरची बाभळ कुणाच्या आज्याने लावली हे समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत. खोटी साक्ष देणार कुणासमोर? थोरला भाऊ पणजोबांच्या रोजच्या बैठकीतला, तरी निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. थोरल्याने पुढे आमच्या घरचं पाणी सोडलं ते कायमचं.

"पण तो अधिकार राजानेच दिला ना?" हे सासऱ्यांचं उत्तर. ते अजून तेच म्हणतात आणि मी अजून भांडते. अधिकार राजांनी दिला, मान्य. पण रोज तोंड बघायचं त्या माणसाविरुद्ध निकाल देऊन वाईटपणा घेतला तो गावाने. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि गावाचे निर्णय पुन्हा कचेऱ्यांत गेले. माझ्या मते नुकसान झालं ते तिथे. राजवाडा ओस पडण्याचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

तर, काय बघायचं. गाडी पायथ्याशी ठेवा आणि मूळपीठाच्या पायऱ्या चढा. वरून खटावचं कोरडं माळरान दिसतं. एवढ्याशा दुष्काळी मुलखातल्या शाळेत साने गुरुजी शिकले, गदिमा शिकले. वेदांचे पंडित सातवळेकर यांनी जवळजवळ तीस वर्षं इथे राहून वेदांचं काम केलं. हे डोक्यात ठेवून गावात हिंडा, चावडीपाशी थांबा, म्हाताऱ्या माणसांशी बोला. जमलं तर आश्विन वद्य पंचमीला या. शिवानंद स्वामींच्या पुण्यतिथीचा संगीत उत्सव असतो. गायक अंतुबुवा जोशींनी आपल्या या गुरूंसाठी सुरू केला, पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, संस्थान जाऊनही तो चालूच आहे. सासऱ्यांना मी दरवर्षी बोलावते, ते येत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. राजांना कमी लेखू नका. त्यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसवली, कुंडलजवळ किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली. आणि त्या पंचायतींत सगळ्या जातींना सारखा आवाज होता असंही मी म्हणणार नाही. आजी बोलली ते चावडीवर बसणाऱ्यांच्या घरातून.

रेल्वेने येणार असाल तर रहिमतपूरला उतरा. उन्हाळ्यात दुपारी डोंगर चढू नका. आणि नकाशात पुण्यातलं औंध लागलं नाही ना, ते निघण्याआधी बघा.