पीएचडी आणि पोस्टडॉकनंतर अकॅडेमिया सोडलं तर एवढी वर्षं वाया गेली असं होतं का? आणि सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की बायोलॉजीत पीएचडी झाली, दुसरा पोस्टडॉक संपत आलाय, फॅकल्टी पोझिशनसाठी अर्ज करून करून थकलात आणि आता बाहेर पडलं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल अशी भीती वाटते. मी सेल बायोलॉजीत पीएचडी केली, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी), आणि आता क्लिनिकल ट्रायल्सचं, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांचं, मेडिकल रायटिंग करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते "मीच कुठेतरी कमी पडले" डोक्यातून काढून टाका, कारण मुळात जागाच नाहीयेत. रॉयल सोसायटीच्या २०१० च्या रिपोर्टमध्ये ब्रिटनमधल्या सायन्स पीएचडीवाल्यांचं पुढे काय होतं याचा अंदाज दिला होता, त्यात प्रोफेसरपदापर्यंत पोचणारे ०.४५ टक्के, म्हणजे दोनशेत एकसुद्धा धड नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरांवर एक पेपर आला होता, त्यात एक प्रोफेसर पूर्ण करिअरमध्ये सरासरी ७.८ पीएचडी घडवतो असा हिशोब होता. आता तो रिटायर झाला की खुर्ची रिकामी होणार एकच, बाकीचे सहा-सात जण कितीही हुशार असले तरी बसणार कुठे?

आता नोकरी शोधायचं. बहुतेक जण थीसिसचा विषय हातात घेऊन शोधायला निघतात, म्हणजे मी अमुक प्रोटीनवर काम केलंय तर त्या प्रोटीनवर काम करणारी कंपनी कुठली, आणि अशा कंपन्या निघतात दोन-तीन, तिथे जागा नसते, मग लगेच वाटायला लागतं की आपल्याला बाहेर कोणी विचारतच नाही. मी सांगेन की विषय बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षभरात कुठलं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहिलं नाही तेवढं आठवा. कोणाला दिवसभर आर (R) या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत डेटा साफ करत बसायला आवडतं, तो डेटा सायन्स किंवा बायोस्टॅटिस्टिक्सकडे जाऊ शकतो. कोणी लॅबच्या ऑर्डरी, ज्युनिअर्स, वेळापत्रक सगळं न सांगता सांभाळत असतं, ते थेट प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे. पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी लोकांशी तासभर बोलताना ज्याला मजा येते त्याने मेडिकल सायन्स लायझन (औषध कंपनीतर्फे डॉक्टरांशी सायन्सबद्दल बोलणारा) किंवा फील्ड अ‍ॅप्लिकेशन सायंटिस्टच्या (कंपनीची उपकरणं लॅबमध्ये जाऊन वापरायला शिकवणारा) जागा बघाव्यात. मला रिव्ह्यूअर्सच्या कॉमेंट्सना मुद्देसूद उत्तरं लिहायला मनापासून आवडायचं, बाकीचे ते टाळायचे, आणि तिथूनच मी रायटिंगकडे वळले.

रोजचं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे "वाया जाणं" याचं उत्तर आपोआप मिळेल. ट्रायल संपून डेटाबेस लॉक झाला, म्हणजे डेटात आता बदल करायचे नाहीत असं ठरलं, की स्टॅटिस्टिक्सच्या टीमकडून शेकडो पानांची टेबलं आणि लिस्टिंग्ज (एकेका पेशंटच्या डेटाच्या याद्या) येतात आणि त्यावरून क्लिनिकल स्टडी रिपोर्ट लिहायचा असतो. त्याची चौकट आयसीएच या औषधांचे नियम सगळीकडे सारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई३ या १९९५ च्या गाईडलाइनने ठरवून दिलीये, अकराव्या सेक्शनमध्ये औषधाचा परिणाम, बाराव्यात सेफ्टी. सेफ्टीत मृत्यू आणि गंभीर घटनांच्या नॅरेटिव्ह लिहाव्या लागतात, पेशंटचं वय काय, औषध कधी सुरू झालं, कितव्या दिवशी त्रास सुरू झाला, औषध थांबवलं का, पुढे काय झालं, ट्रायलमधल्या डॉक्टरांना त्याचा औषधाशी संबंध वाटतो का. नाव कुठेच नसतं, फक्त नंबर असतो, पण मी लिहिताना एका माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्याबद्दल लिहितेय हे विसरत नाही. टेबलमध्ये त्रास चौदाव्या दिवशी आणि नॅरेटिव्हच्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या दिवशी असं दिसलं की तिथेच थांबून मूळ लिस्टिंग उघडायची. मूळ डेटा बघितल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय मला पीएचडीनेच लावली. माझ्या प्रोटीनचं नाव इथे कोणी विचारत नाही, ही सवय मात्र रोज कामाला येते.

तुमच्या आठ पानी सीव्हीचा दोन पानी रेझ्युमे करा, आणि हे काम वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे, वेळ द्या. "अमुक जीनचा पेशींच्या हालचालीतला रोल अभ्यासला" यातून हायरिंग मॅनेजरला काही कळत नाही. "तीन लॅब्जचा एकत्र प्रोजेक्ट चालवला, इमेज अ‍ॅनालिसिससाठी पायथॉनमध्ये पाइपलाइन लिहिली, ती आता बाकीचे ग्रुपही वापरतात" हे त्याला कळतं, अर्थात ते खरं असेल तरच लिहायचं. पेपर्सची यादी एका ओळीत आटपा.

मग तुमच्या आधी बाहेर पडलेल्या लॅबमेट्सना मेसेज करा. त्यांच्याकडे नोकरी मागू नका, फक्त "तुझा कालचा दिवस कसा गेला ते सकाळपासून सांग" एवढं विचारा, जॉब डिस्क्रिप्शन वाचून जे कळत नाही ते या एका प्रश्नातून कळतं. आणि नमुना म्हणून काहीतरी करून ठेवा. रायटिंगकडे यायचं असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या साइटवर बऱ्याच संपलेल्या ट्रायल्सचे रिझल्ट्स कोणालाही बघता येतात, त्यातली एक घेऊन दोन पानी सारांश लिहा.

काय गमवाल तेही सांगते. स्वतःचा प्रश्न स्वतः निवडायचं स्वातंत्र्य जातं, ते जातंच, त्याला पर्याय नाही. मला त्याचं खूप वाईट वाटलं होतं आणि अजूनही एखादा सुंदर पेपर वाचला की वाटतं. शिवाय बेंचवर्कच्या, म्हणजे लॅबमध्ये हाताने प्रयोग करायच्या, फील्डमध्ये पब्लिकेशनमध्ये मोठी गॅप पडली की परत येणं फार कठीण जातं, त्यामुळे निर्णय विचार करूनच घ्या. पण निव्वळ वेळ मिळावा म्हणून तिसरा पोस्टडॉक अजिबात घेऊ नका, शोधाशोध आत्ताच, पगार चालू असतानाच सुरू करा.

राहिलं गाईडचं. ते समजूतदार असतील तर लवकर सांगा, नसतील तर ऑफर हातात आल्यावर सांगा. दोन्ही केसमध्ये अर्धवट पेपरमधल्या कोणत्या फिगर्स तुम्ही पूर्ण करून देणार, कच्चा डेटा आणि कोड कुठे ठेवलाय आणि ऑथरशिपचा क्रम काय, हे निघायच्या आधी मेलवर पक्कं करून घ्या, कारण नवीन नोकरीचे पहिले काही महिने तुम्हाला त्या पेपरकडे बघायलाही वेळ मिळणार नाही.