पडद्यावरच्या रेघा कागदावर का उतरत नाहीत?

प्रश्न : आमच्या बचत गटात वीस जणी आहोत. मासिक बैठकीसाठी मी एक्सेलमध्ये बचत, कर्जफेड आणि सहीचा तक्ता करते. पडद्यावर रेघा दिसतात, पण प्रिंट काढली की नुसते आकडे. म्हणून सगळ्या तक्त्याला ‘ऑल बॉर्डर्स’ दिल्या, तर आता तो जाळीसारखा दिसतो आणि बेरीज सापडत नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा तक्ता मला डोळ्यांसमोर दिसतो. पतसंस्थेत मी बरीच वर्षं हाताने खतावणी लिहिली. पान आखताना प्रत्येक रेघ कशासाठी, हे तेव्हा अंगात भिनलं, आणि संगणकावरही तेच उपयोगी पडतं.

पडद्यावरच्या त्या फिकट रेघा म्हणजे ग्रिडलाइन्स. त्या फक्त काम करताना रकाना दिसावा म्हणून असतात, आपण सांगितल्याशिवाय छापल्या जात नाहीत. तुमचं काम एवढ्यावरच भागत असेल तर ‘पेज लेआउट’मध्ये जा. तिथे ‘शीट ऑप्शन्स’मध्ये ‘ग्रिडलाइन्स’खाली ‘व्ह्यू’ आणि ‘प्रिंट’ अशा दोन चौकटी आहेत. ‘प्रिंट’वर खूण करा. ही खूण त्या एका शीटपुरतीच असते, पुढच्या महिन्याच्या नव्या कोऱ्या शीटवर ती पुन्हा करावी लागेल. शिवाय नव्या सभासदांसाठी खाली सोडलेल्या कोऱ्या ओळींना या रेघा येत नाहीत. त्या ओळींसकट तक्ता निवडून ‘प्रिंट एरिया’त ‘सेट प्रिंट एरिया’ करा, मग येतील. तरीही रेघा उमटल्या नाहीत, तर ‘पेज सेटअप’च्या ‘शीट’ पानावर ‘ड्राफ्ट क्वालिटी’ला चुकून खूण झाली आहे का, तेवढं बघा.

पण तुम्हाला मी बॉर्डरच सुचवीन, कारण कुठली रेघ ठळक, कुठली बारीक, हे बॉर्डरमध्ये आपल्या हातात राहतं. आधी तक्ता निवडून ‘नो बॉर्डर’ द्या, म्हणजे जाळी पुसली जाईल. मग कंट्रोल आणि १ दाबून ‘बॉर्डर’चं पान उघडा. इथे क्रम महत्त्वाचा: आधी रेघेचा प्रकार, मग रंग, आणि शेवटी रेघ कुठे हवी ती जागा. अनेक जण जागा आधी दाबतात आणि प्रकार नंतर बदलतात, मग रेघ जुनीच राहते आणि वाटतं की संगणक ऐकत नाही.

आत फक्त आडव्या रेघा द्या, सर्वांत बारीक, राखाडी. नाव ते सही अशी नजर सरळ जायला तेवढ्या पुरतात. उभी रेघ मी एकच देईन, सहीच्या रकान्याआधी, कारण तिथे पेन टेकणार असतं. मथळ्याच्या ओळीखाली जरा जाड रेघ.

आणि बेरीज! कीर्द-खतावणीत बेरजेच्या वर एक रेघ आणि खाली दोन रेघा मारायची रीत आहे. दोन रेघा म्हणजे हिशेब इथे मिटला, याखाली कुणी काही वाढवू नये. एक्सेलच्या बॉर्डरच्या यादीत हीच रीत ‘टॉप अँड डबल बॉटम बॉर्डर’ या नावाने तयार आहे. बेरजेच्या ओळीला ती द्या. बैठकीत कागद हातोहात फिरताना कुठे बघायचं, हे प्रत्येकीला विचारावं लागणार नाही. लिहिता-वाचता बेताचं येणाऱ्या सभासदालाही आपल्या पैशांची बेरीज पटकन सापडली पाहिजे, म्हणून मी या दोन रेघांचा आग्रह धरतो.

मथळ्याच्या लगेच खाली नवी ओळ घातली तर ती मथळ्याचंच रूप घेते, जाड रेघेसकट. ओळ घातल्यावर शेजारी ब्रशचं छोटं चिन्ह येतं, त्यात ‘फॉरमॅट सेम अॅज बिलो’ निवडा. आकडे दुसरीकडून आणताना मात्र ‘पेस्ट स्पेशल’मधलं ‘ऑल एक्सेप्ट बॉर्डर्स’ घ्या, आखलेलं बिघडत नाही.

प्रश्न : गूगल शीट्समधून सोसायटीची वर्गणीची यादी छापतो, तर नको असतानाही सगळीकडे रेघा येतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रिंटच्या पानावर उजवीकडे ‘फॉरमॅटिंग’ उघडा आणि ‘शो ग्रिडलाइन्स’वरची खूण काढा. तुम्ही स्वतः दिलेल्या बॉर्डर तेवढ्या छापल्या जातील. पडद्यावरही नको असतील तर ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘ग्रिडलाइन्स’.