बाटली किती दिवस पुरते?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४६, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा रात्री नऊला लॅपटॉप मिटला की एक पेग घ्यायचो. आता रोज दोन होतात, त्यावर कधीच जात नाही. व्हिस्कीची ७५०ची बाटली पाच दिवस जाते. श्रावणात महिनाभर थेंबही घेत नाही, त्यामुळे हे व्यसन आहे असं मला वाटत नाही. बायकोला वाटतं. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. मुलगी दहावीत आहे. मध्यंतरी तिने रात्री पूर्वपरीक्षेची तारीख सांगितली आणि सकाळी मी तीच पुन्हा विचारली. ती काही बोलली नाही. तेव्हापासून मला सांगायच्या गोष्टी ती कालनिर्णयावर लिहून ठेवते. पूर्ण न सोडता कमी करता येईल का? आणि शनिवारी मित्र 'बसू या' म्हणतात, त्यांना काय सांगू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रात एक गणित आहे. मांडलंत तुम्हीच, सोडवायचं मात्र राहिलं. ७५० भागिले ५, म्हणजे रोजचे १५० मिली. छोटा पेग ३०चा, मोठा ६०चा. तुमचे 'दोन' म्हणजे छोटे पाच झाले. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. ग्लास दोनदाच भरला जातो, हे खरंच असणार.

आमच्या घरी हेच झालं होतं. आमचे हे कॉलेजात गणित शिकवायचे, त्यामुळे 'माझे दोनच' यावर वाद घालायची सोय नव्हती. एका रविवारी मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण पुढ्यात ठेवलं, १० मिलीची रेघ असलेलं. म्हटलं, रोजच्यासारखी ओता, सोडा नंतर, आधी मोजू. सात झाकणं निघाली. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते झाकण स्वतः धुऊन फडताळात ग्लासांशेजारी ठेवलं. ते अजून तिथेच आहे. तुम्ही पहिला आठवडा एवढंच करा. कमी करू नका, फक्त मोजा आणि लिहून ठेवा. लिहायला कालनिर्णय आहेच घरात.

आता पहाटेचे तीन. यकृत साधारण तासाला एक छोटा पेग निकालात काढतं. नऊ-साडेनऊला सुरुवात करून पाच पेग रिचवले की दोन-तीनपर्यंत दारू उतरत आलेली असते. दारूने दाबून ठेवलेला मेंदू तेव्हा उसळी मारतो, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं आणि डोळे टक्क उघडतात. मग आपण सोसायटीच्या वॉचमनच्या शिट्ट्या मोजत पडायचं. झोपेसाठी घेतो म्हणणारे पेशंट रोज येतात माझ्याकडे. झोप लागते लवकर, यात वाद नाही, टिकत नाही. मुलीने सांगितलेली तारीख पुसली जाणं हेही त्यातलंच. त्या तासांत मेंदू आठवण साठवतच नाही, म्हणून आठवायला काही उरत नाही.

श्रावणाचं प्रमाणपत्र मला फारसं पटत नाही, माफ करा. महिना पाळणारे खूप असतात. मी त्यांना दोनच गोष्टी विचारते : गटारीला किती झाली, आणि श्रावण संपला त्या संध्याकाळी बाटली किती वाजता उघडली. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. तुमचं उत्तर तुमच्यापाशी ठेवा. मला मात्र वेगळंच हवंय. श्रावणातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरले होते का? घाम, मळमळ, विनाकारण घबराट? असं झालं असेल, किंवा हल्ली सकाळीही घ्यावीशी वाटत असेल, तर स्वतःच्या बळावर एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीव गेलेला आहे लोकांचा. आधी डॉक्टरकडे जा. औषधांच्या आधाराने सोडवता येते, बी-१ जीवनसत्त्वही देतात. आणि तसं काही झालं नसलं तरी यकृताच्या रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. ४६व्या वर्षी रोजच्या पाच पेगांवर 'फॅटी लिव्हर' लिहून येण्याची शक्यता चांगलीच आहे.

हे सगळं नीट असेल तर कमी करून बघायला हरकत नाही. पहिलं काम, आधी जेवा. आपल्याकडे दारू जेवणाआधी, रिकाम्या पोटी, चकण्यावर. दुपारचा डबा एकला खाल्लेला, नऊला पोटात आग पडलेली, आणि त्या भुकेला आपण तल्लफ समजतो. आमच्या घरी आठला पानं घ्यायला लागल्यावर हे म्हणाले, "पोळीभाजीनंतर कसली डोंबलाची मजा?" मला तेच हवं होतं. दुसरं, ७५०ची आणू नका. घरात असली की संपते. तिसरं, आठवड्यातले तीन वार कोरडे, आणि ते आधी ठरवलेले. त्या दिवशी मूड बघून नव्हे. नऊची वेळ मोकळी ठेवू नका. मुलीची प्रश्नपत्रिका घ्या, भांडी घासा, काहीही.

आणि 'मी बिअरवर येतो' ही पळवाट नको. ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत आठ टक्के अल्कोहोल असतं. ते चार छोट्या पेगांएवढं भरतं.

मित्रांना अॅसिडिटीचं कारण सांगू नका. एक शनिवार चालतं, दुसऱ्या शनिवारी त्यातला एक जण तुम्हाला डायजिनच्या गोळ्या आणून देईल. "आज गाडी माझ्याकडे" म्हणा आणि खरंच सगळ्यांना घरी सोडा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एक-दोन पेगांतही ओलांडली जाते, तेव्हा बाणेरहून परतताना असा मित्र सगळ्यांनाच हवा असतो. 'एकाने काय होतंय' म्हणणारा एक जण निघतोच. त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, कोकम सोडा मागवा.

सहा आठवडे बघा. ठरवलेलं माप पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर 'थोडी' तुम्हाला जमत नाही, तेव्हा पूर्ण बंद. थोडीवर रोज झगडण्यापेक्षा काही जणांना तेच सोपं जातं. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. तिथे रस्त्यात पडणारेच जातात असा गैरसमज असेल तर एकदा जाऊन बाकावर बसून बघा. हिंजवडीची ओळखपत्रं गळ्यात असलेलेही दिसतील.

प्रश्न : रेड वाईन हृदयाला चांगली ना? आमच्या सोसायटीतले एक काका रोज घेतात.
— सहकारनगर

उत्तर : काकांना घेऊ द्या, पण औषध म्हणून नको. कितीही कमी घेतली तरी ती सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं. माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दारू १९८८पासून आहे. द्राक्षं मंडईत मिळतात.

प्रश्न : डॉक्टरबाई, मिस्टर रोज पिऊन येतात. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात बघून मी पावडर मागवली आहे. चहातून देऊ का? सासूबाई म्हणतात, दे.
— हडपसर

उत्तर : नका देऊ. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. काहींत डायसल्फिराम निघतं. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण घेणाऱ्याला माहीत असताना आणि तपासण्या करून. अंगात ते असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. ते नेहमीसारखे पिऊन येतील, चहा तुमच्या हातचा असेल, आणि दवाखान्यात काय दिलं हे सांगायची वेळ तुमच्यावर येईल. वाचले तरी पुढे तुमच्या हातचं पाणीही ते घेणार नाहीत.

पुडी कचऱ्यात टाका. सासूबाईंना हे वाचून दाखवा. मिस्टर यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जाऊ शकता. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात, तिथे फी नाही, नावही पूर्ण सांगावं लागत नाही. आणि त्यांच्याशी बोलायचं ते सकाळी, चहाच्या वेळी. रात्री दारात उभं राहून नको.